सहीच्या बदल्यात बोट

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत मी उगवण बघायचं काम करते. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी कागद उलगडायचा आणि किती दाणे उगवले ते मोजायचं. हे काम बसून करायचं असतं, मी ते उभ्यानं करते. साहेबांनी माझ्यासाठी मुद्दाम उंच स्टूल आणून दिलं, त्यावर माझा जेवणाचा डबा असतो. घरी चहा पितानासुद्धा मी ओट्यापासून दारापर्यंत चकरा मारत असते. नवरा वैतागतो. "बस की जरा, पायाला भिंगरी बांधली का?" म्हणतो. स्वतः तीस वर्षं ट्रक चालवला, जालन्याच्या सळ्या भरून कुठं कुठं गेला, आणि मला म्हणतो बस.

माझा बाप मेंढरांमागे चालणारा माणूस. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर आणि आम्ही रानोमाळ. मी नऊ वर्षांची असताना त्यानं घनसावंगी तालुक्यात गंगेकाठी चार एकर रान घेतलं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. "पोरगी साळंत बसली पाह्यजे," एवढं एकच कारण त्यानं सगळ्यांना सांगितलं. बरीचशी मेंढरं गेली, रान आलं आणि आमचं चालणं थांबलं. त्या रानातल्या विहिरीत मी पोहायला शिकले. बापानं पाठीला वाळका भोपळा बांधला आणि काठावरून ढकलून दिलं. बारा-तेरा वर्षांची झाले तसं पोहणं बंद पडलं. बंद कर असं कुणी म्हटलं नव्हतं, पण वयात आलेल्या मुलीनं विहिरीत उडी मारायची नसते हे कळायला कुणी सांगावं लागत नाही.

बाप गेला तेव्हा सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली, भावाचं आणि माझं. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रान तोच कसतो. पुढे काय होतं ते आमच्याकडे प्रत्येक बाईला पाठ असतं. एके दिवशी भावाचा फोन येतो. बहीण जाऊन रजिस्ट्री ऑफिसात सही करते आणि तिचं नाव सातबाऱ्यावरून निघतं. ह्याला हक्कसोड म्हणतात. त्या दिवशी भाऊ बहिणीला भारीतली साडी घेतो, हॉटेलात जेवू घालतो आणि सगळे हसत हसत घरी जातात. सही न करणारी बहीण माहेर तोडते, असं तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणायची वेळच येत नाही, कारण सगळ्या जणी सही करतात.

मीही केली. अंबडला, उभ्या उभ्या, कागद न वाचता. तिथल्या बाकावर बसून वाट बघणं मला असह्य झालं होतं, कधी एकदा सुटते असं झालं होतं. नवऱ्यानं आम्हाला आपल्या जुन्या जीपमधून नेलं होतं, तो बाहेर चहा पीत उभा होता. सही झाल्यावर भाऊ मला साडीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं पांढऱ्या गादीवर दहा-पंधरा साड्या उलगडल्या. "अक्का, कोणची बी घे. किंमत बघू नको," भाऊ म्हणाला. तो मनापासूनच म्हणत होता. मी एक पदर हातात घेतला, सोडला, दुसरा घेतला. तोही सोडला. मी गादीवरून उठले.

"मला साडी नको," मी म्हणाले. "तुझ्या लिंबाखाली ती बोट पालथी पडलीय ना? ती दे."

हे माझ्या तोंडून का निघालं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. नदीवर बंधारा झाला आणि गावाजवळ बारमाही पाणी राहायला लागलं, तेव्हा कुणी एकानं बोटिंग सुरू करायचं म्हणून ती फायबरची बोट आणली होती. बोटिंग चाललं नाही, माणूस निघून गेला, जाताना बोट भावाला लिहून दिली. मागे लावायचं छोटं इंजिन भावानं खताच्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. बोटीवर शेळ्या चढायच्या.

"त्या बोटीचं काय करती?" भाऊ हसायला लागला. दुकानदारही हसला. "तिच्याखाली कोंबड्या अंडे घालून राह्यल्या, अक्का."

"कोंबड्यांना दुसरी जागा बघ."

मी थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात आलं तसा तो गंभीर झाला. देतो म्हणाला. पण लायसन काढल्याबिगर पाण्यात घालू देणार नाही. "तू कुठं बुडली-बिडली तर लोक मला काय म्हंतील? हक्क सोडून घेतला आन बहीण बुडवली म्हंतील. पावसाळ्याच्या आत कागद आण. न्हाई आला तर भंगारात देतो. मला लिंबाखाली गोठा बांधायचाय." मी बरं म्हणाले. घरी येताना जीपमध्ये मला कळून चुकलं होतं की अर्धं रान सोडून मी कोंबड्यांचं खुराडं मागून घेतलं. आता ते खुराडं पाण्यावर चालवून दाखवलं तरच माझी सही शहाणपणाची ठरणार होती, नाहीतर मी मूर्ख. पुढचे सगळे महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

बोटीचं लायसन कुठं मिळतं हे जालन्यात कुणाला विचारायचं? मी आधी वाहनांची कामं करून देणाऱ्या एका एजंटाकडे गेले. त्यानं फॉर्म ओढला, पेन उघडलं आणि विचारलं, "टू व्हीलर का फोर व्हीलर?" मी म्हटलं, चाकं नाहीत. त्यानं पेनाचं टोपण लावलं. तिथून तहसील, तहसिलातून पाण्याच्या खात्याचं ऑफिस, तिथून जिल्ह्याबाहेर आणखी एक ऑफिस. पंधरा दिवस गेले तेव्हा एवढं कळलं की कागद दोन लागतात. एक बोटीचा, म्हणजे तिची तपासणी आणि नोंदणी. दुसरा चालवणाऱ्याचा. त्याला आधी पाच दिवसांचं प्रशिक्षण, डॉक्टरचं सर्टिफिकेट, पोहण्याची परीक्षा आणि मग बोट चालवायची परीक्षा. शिवाय पाणी ज्या खात्याचं, त्याची परवानगी वेगळी. कुठंही मला कुणी वाईट वागवलं नाही. उलट खुर्ची द्यायचे. मीच बसत नव्हते, आणि उभी बाई समोर असली की लिहिणाऱ्याचा हात अडखळतो, हे मला उशिरा समजलं.

अर्जात एक रकाना होता, प्रयोजन. टेबलामागचे गृहस्थ भले होते, त्यांनी मला मदत करायचं ठरवलं.

"मासेमारी?"

"नाही."

"मग पलीकडच्या काठाला माणसं सोडणार? त्याचा परवाना वेगळा आहे."

"माणसं नाही सोडणार."

"मग कुठं जाणार?"

"कुठंच नाही. जायचं आणि परत यायचं."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, असं करा, बचत गटाच्या नावानं टाका. पर्यटन म्हणा. लवकर होईल." असं सांगणारे ते पहिले नव्हते. मी ज्याला सांगितलं त्यानं मला बोटीचा काहीतरी उपयोग सुचवला होता. कंपनीतली मैत्रीण म्हणाली, लग्नाच्या फोटोला भाड्यानं दे. माझा तिळपापड झाला. पुरुष मोटारसायकल घेऊन नुसता गावाला चक्कर मारून येतो, त्याला कुणी प्रयोजन विचारतं का? मी त्या रकान्यात 'हौस' लिहिलं आणि अक्षर जरा मोठंच काढलं. खरं म्हणजे हौसही नव्हती. खरं कारण त्या रकान्यात मावलं नसतं.

नवऱ्यानं हे प्रकरण सुरुवातीला चेष्टेवारी नेलं, पण लायसन हा शब्द त्याच्या जिव्हाळ्याचा. नियमांची पुस्तिका आली तशी त्यानं ती माझ्या आधी वाचली. तिसऱ्याच पानावर तो अडला. पाण्यात समोरून बोट आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, असं त्यात लिहिलं होतं.

"उजवीकडं? म्हंजी राँग साईडनं?" तो म्हणाला. "हे पुस्तक चुकलंय."

"पाण्यात तसंच असतं."

"कसं असंल? सगळा देश डाव्या अंगानं चालतो." तो पुस्तिका घेऊन चहाच्या टपरीवर गेला. तिथे त्याच्यासारखेच घरी बसलेले चार ड्रायव्हर असतात. परत आला तो रागावूनच, कारण त्यातल्या एकाचा पुतण्या जहाजावर होता आणि त्यानं फोनवर पुस्तिकेची बाजू घेतली होती. त्यानंतर मात्र नवरा माझा मास्तर झाला. मी भाकरी थापत असले की मागून प्रश्न यायचा. "उजव्या अंगानं बोट आली, तिचा तांबडा दिवा दिसला. मंग?"

"वाट सोडायची."

"बराबर. आता उलटून सांग."

प्रशिक्षण दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या धरणावर होतं. शिकणाऱ्यांत मी एकटीच बाई, आणि वयानंही सगळ्यांत मोठी. शिकवणारे सर कोकणातले, उभं आयुष्य जहाजावर काढून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी बोटीत पाय ठेवला आणि त्यांचा आवाज आला, "ताई, बसा! बोटीत उभं राहायचं नाही." पाच दिवसांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. चालत्या वस्तूत गप्प बसून राहायचं, ही कुठली शिक्षा? माझे गुडघे आपोआप सरळ व्हायचे आणि बोट डुचमळायची. सर म्हणायचे, "तुम्हाला कुठं जायची घाई आहे?" मला तेच तर सांगता येत नव्हतं.

इंजिनाचा दांडाही उलटा. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा. लहानपणी बैलगाडी हाकली होती, तिथं ज्या अंगाचा कासरा ओढावा त्या अंगाला गाडी वळते. मी दोनदा बोट धक्क्यावर, म्हणजे जेट्टीवर, आदळवली. ब्रेक म्हणून काही नसतंच, आधीपासून वेग कमी करत आणायचा असतो. गाठींच्या दिवशी मात्र मजा झाली. सरांनी खांबाला दोर बांधायची एक गाठ दाखवली आणि म्हणाले, हिला आठवडा लागतो. खुंटीला दावं बांधायची आमची गाठ ती! मी एका हातानं बांधून दाखवली. त्या दिवशी जेवताना बाकीचे माझ्याकडून गाठ शिकले. मला वाटलं, झालं, निघालं लायसन.

चौथ्या दिवशी पोहण्याची परीक्षा. जेट्टीपासून पाण्यात सोडलेल्या केशरी डब्यापर्यंत पन्नास मीटर, सरळ. मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला आवळली आणि जी उडी मारली ती बघून पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. अडतीस वर्षांनी पाण्यात गेले होते, पण हातपाय काही विसरले नव्हते. डोकं वर ठेवून मी सपासप हात मारत राहिले. दम लागला, मारत राहिले. निम्मं तरी कापलं असेल म्हणून समोर पाहिलं, तर समोर जेट्टी! ज्या शिडीजवळून उडी मारली तिच्यापासून चार हातांवर मी आले होते. डबा माझ्या पाठीमागे होता.

कुणीतरी हसलं. सरांनी मला हात देऊन वर घेतलं, टॉवेल दिला आणि विचारलं, "विहिरीत शिकलात का?"

"हो. का?"

"पायऱ्या डाव्या हाताला होत्या?"

मी डोळ्यांपुढे विहीर आणली. होत्या, डाव्याच हाताला होत्या.

"विहिरीतला माणूस कडेकडेनं गोल फिरतो. पायऱ्या असतील त्या अंगाला वळत राहतो," ते म्हणाले. "तुम्हाला पोहता येतं, ताई. पोहत कुठं जाता येत नाही. दोन महिन्यांनी पुढची तुकडी आहे. सरळ पोहायला शिकून या, दोन्ही परीक्षा तेव्हा घेऊ." मला इतकी शरम वाटली की मी पाचव्या दिवसाचं जेवण टाकून निघून आले.

घरी आल्यावर तर मी कुणाच्याच हाती लागेना. कंपनीत एकच कागद तीन वेळा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. भावाचा फोन आला. "लायसनचं काय झालं?" म्हटलं, होतंय. "होतंय म्हंजी?" म्हटलं, होतंय म्हणजे होतंय. मग तो म्हणाला, "भंगारवाला आल्ता. बघून गेला." मी फोन ठेवला आणि बाहेर पडले. जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांमधून धान्याच्या दुकानांपुढून नुसती चालत सुटले. दोन महिने होते आणि मला सरळ जाता येत नव्हतं. कुठल्याही विहिरीत गेले असते तरी तिनं मला पुन्हा गोलच शिकवलं असतं.

उपाय नवऱ्यानं काढला. तो स्वतः घोट्याएवढ्या पाण्यालाही भितो. "सरळच पोहायचंय ना?" तो म्हणाला. "मंग सरळ पाण्यात पोह. कॅनॉलला गव्हासाठी पाण्याची पाळी सुटलीय."

पैठणच्या धरणाचा कालवा आमच्या तालुक्यातून जातो, आणि त्याला फुटलेल्या चाऱ्या रानारानांत जातात. मोठ्या कालव्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, पण चारीत छातीएवढं पाणी असतं आणि दोन्ही कडा सिमेंटच्या, फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ. भावाला कळू नये म्हणून त्याच्या गावापासून लांबची चारी आम्ही निवडली. मी रजा टाकली. नवऱ्यानं माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक हातात धरलं आणि काठाच्या कच्च्या रस्त्यानं तो माझ्याबरोबर चालायला लागला. पहिल्या दिवशी माझं डावं कोपर सिमेंटला घासून सोलून निघालं. दुसऱ्या दिवशीही तेच. वीस हात नीट जायचे आणि अंग आपोआप डावीकडे ओढायचं. तिसऱ्या दिवशी पाणी वाटणारा पाटकरी सायकलवरून आला आणि बघतच राहिला.

"मालक, पाळी गव्हाला सोडलीय. पोहायला न्हाई."

"तिच्या पोहण्यानं पानी कमी होऊन राह्यलं का?" नवरा म्हणाला.

पाटकऱ्यानं सायकल वळवली. त्यानं एवढंच सांगितलं की नऊ दिवसांनी पाणी बंद होणार. आणि जाताना त्यानं ही बातमी सगळ्या चारीवर वाटली असणार, कारण पाचव्या दिवशी पाण्यातून डोकं वर काढलं तर पलीकडच्या काठावर भाऊ उभा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात खुरपं. रानातून तसाच उठून आला होता. मला वाटलं आता हा हसणार. तो हसला नाही. मी निघाले तसा तोही त्याच्या काठानं चालायला लागला. "डावीकडं चालली, अक्का! डावीकडं!" तो ओरडला. ह्या काठावरून नवरा, त्या काठावरून भाऊ, आणि मध्ये मी. चुकार मेंढीला दोन्ही अंगांनी आवरतात तसं चाललं होतं. मला त्या दिवशी भावाची फार माया आली, हे सांगितलं पाहिजे. तो रोज आला.

मर्म शेवटी नवऱ्यानंच पकडलं. "तू जवळ बघती," तो म्हणाला. "ट्रकचं बोनेट बघून गाडी चालवली तर ती नागमोडी जाती. लांबचं कायतरी धर, आन ते सोडूच नको." मी चारीच्या टोकाला असलेला पूल धरला. नाकातोंडात पाणी गेलं, कोपर ठणकत होतं, मी पूल सोडला नाही. पाळी बंद झाली त्या दिवशी मी चारीच्या मधोमध पन्नास मीटर गेले आणि कुठंही खरचटलं नाही. पुलाखाली पोचल्यावर मला हुंदका आला. नवऱ्याला वाटलं पाय मुरगळला.

दुसऱ्यांदा धरणावर गेले तेव्हा सरांनी मला सगळ्यांच्या आधी पाण्यात सोडलं. पलीकडच्या काठावर पंपघराचा पांढरा चौकोन होता, तो मी धरला. केशरी डबा हाताला लागला तेव्हा मी इतक्या जोरात किंचाळले की तो माझ्या हातून सुटला. बोट चालवायच्या परीक्षेत पाण्यात टाकलेला एक डबा माणूस बुडतोय असं समजून उचलायचा होता. मी गप्प बसून, हळूहळू वेग कमी करत त्याच्यापाशी गेले आणि उचलला. सर म्हणाले, "आज एकदाही उभ्या राहिला नाहीत." माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पुढे पाण्याच्या खात्याची परवानगी आली, बोटीची तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी ती सगळीकडून वाजवून पाहिली, जीव वाचवायची जाकिटं मोजली आणि पुढच्या बाजूला नंबर रंगवायला सांगितला. नंबर भावानं स्वतः रंगवला. माझं लायसन आलं त्यावर माझा फोटो होता आणि माझं नाव. कंपनीत ते हातोहात फिरलं. मी दिवसभर हवेत होते. पावसाळ्याला अजून अवकाश होता, मी जिंकले होते. माझी सही शहाणपणाची ठरली होती.

पहिल्या फेरीला भावानं नारळ फोडला. भावजयीनं बोटीला आणि मला दोघींना कुंकू लावलं. बोटीत यायला कुणी तयार होईना, शेवटी नवरा आला. जाकीट घालून, दोन्ही कडा घट्ट धरून तो पुढे बसला. मी मागे बसले, इंजिन चालू केलं आणि गंगेत निघाले. सकाळची वेळ होती, पाण्यावर वारा नव्हता. नवऱ्याचा उजवा पाय बोटीच्या तळात ब्रेक शोधत होता. मला हसू येत होतं. खूप बरं वाटत होतं, खरंच. पाण्याच्या मध्यावर आल्यावर परत वळायचं म्हणून मी काठाकडे पाहिलं आणि मला आमचं रान दिसलं.

रानात असलं की रान दिसत नाही, बांध दिसतो, पीक दिसतं, गवत दिसतं. एवढ्या लांबून ते मी पहिल्यांदा अख्खं पाहत होते. एका अंगाला पाण्याच्या मोटारीची खोली, दुसऱ्या अंगाला बोरीचं झाड, मध्ये भावाचा ऊस आणि नुकतं कापलेलं गव्हाचं रान. बापानं किती वर्षं चालून चालून हे चार एकर केलं होतं. आणि बघता बघता माझी नजर मोटारीच्या खोलीपासून निघाली, उसाच्या कडेनं सरळ गेली आणि मधोमध थांबली. अर्धं तिथं झालं असतं. बोरीकडचं माझं. मी काही ठरवलं नव्हतं, नजर आपली आपण मोजत होती.

मी इंजिन बंद केलं. नवऱ्यानं दचकून मागे पाहिलं.

"बिघडलं का?"

"मी सही करायला नको होती," मी म्हणाले. "मला बोट नको होती. मला ते रान पाहिजे होतं."

बोलले आणि मग थांबता येईना. मी रडले, शिव्या दिल्या, जास्त करून स्वतःलाच. कडा सोडून तो माझ्याकडे तोंड करून बसला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "मला ठाऊक व्हतं. त्या दिशी अंबडला बी ठाऊक व्हतं. मीच तुला गाडीत घालून नेलं. बोललो न्हाई. बायकूच्या माहेरच्या रानावर डोळा ठेवला म्हंतील, म्हणून गप बसलो."

काठावरून भाऊ टॉवेल हलवत होता. त्याला वाटलं आम्ही अडकलो. मी इंजिन चालू केलं आणि त्याच्याकडे बघत सरळ काठाला आले. त्यानं पुढे येऊन दोर पकडला. तोंडभर हसत होता.

"काय अक्का, झालं का समाधान?"

"बोट चांगली आहे," मी म्हणाले. "पण ती साडीच्या बदल्यात घेतली. रानाचं आपलं बोलणंच झालेलं नाही."

त्याचं हसू गेलं. भावजय मागं उभी होती, तिनं मान खाली घातली. दोर हातात तसाच धरून त्यानं विचारलं,

"मंग तवाच का न्हाई बोलली?"



"आता बोलते," मी म्हणाले आणि चिखलात उतरले.